आठ महिने झाले, घरातलं गजकर्ण जात नाही. नेमकी तपासणी कोणती करायची?

केळीबाग_यावल

राम राम मंडळी. यावल तालुक्यात आमची केळी आहे, माझं वय 34. गेल्या आषाढात घड कापणी चालू असताना उजव्या जांघेत रुपयाएवढा लाल चट्टा उठला. दिवसभर घामानं आणि केळीच्या चिकानं भिजलेली जाड पँट अंगावर, त्यानं झालं असेल म्हणून सोडून दिलं. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाज अशी सुटायची की झोप लागेना. मेडिकलवरून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली, चट्टा फिका पडला, ट्यूब बंद केली. आठवड्याच्या आत परत. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. मध्ये एका ठिकाणी इंजेक्शन घेतलं. पंधरा दिवस एकदम साफ, आणि नंतर दुप्पट.

आज स्थिती अशी आहे. चट्टा जांघेतून कमरेवर चढलाय, करदोडा बसतो त्या रेषेत पूर्ण गोल फिरलाय. एका गोलात दुसरा गोल, अशी कडी पडलीत. जांघेत कातडी पातळ होऊन बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा रेघा उठल्यात. बायकोला छातीखाली सुरू झालंय, आणि सहा वर्षांच्या मुलीच्या गालावर एक गोल दिसतोय. मुलीचं पाहिल्यापासून मी घाबरलोय. आईला गजकर्ण नाही, पण तिला शुगर आहे आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात कायम चिखल्या असतात.

आईनं टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावलं होतं, त्यानं नुसती आग झाली. आता बांधाशेजारचे एक जण म्हणतात की केळीच्या पानांवरच्या करपा रोगावर फवारतो ते प्रोपिकोनॅझोल बुरशीवरच आहे ना, मग थेंबभर पाण्यात घालून लाव. अजून लावलं नाही. पण रात्री दोन वाजता खाजवत बसलो की मनात येतं.

माझे प्रश्न: रक्त खराब झाल्यानं हे होतं का? रक्ताची कोणती तपासणी करू? आणि कोरोनाच्या वेळी जी काळी बुरशी आली होती, तसलं तर काही नाही ना?

भुसावळचा_मेडिकलवाला

भाऊ, ट्यूबचं खोकं फेकलं नसेल तर त्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉईड आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉईड, सगळं एकाच ट्यूबमध्ये कालवलेलं असतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं ही स्टिरॉईडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. तरी रोज चार जण येऊन म्हणतात, "मागच्या वेळेची तीच ट्यूब द्या, तिनं लगेच फरक पडतो." लगेच फरक पडतो तो स्टिरॉईडमुळे. नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, तरी मी नाही म्हणतो.

स्लाईडवाली_ताई_धुळे

भाऊ, पहिली गोष्ट, ते केळीचं औषध अंगाला लावू नका. तुमच्या शेजाऱ्यांचं एवढंच बरोबर आहे की प्रोपिकोनॅझोल आणि माणसाला देतात ते इट्राकोनॅझोल एकाच अझोल घराण्यातले. पण फवारणीचं औषध पानासाठी बनवलेलं असतं, त्यात मिसळलेली द्रावणं कातडी भाजून काढतात. आणि जांघेतली कातडी तुम्हीच म्हणता तशी पातळ झालेली, तिथून अंगात किती मुरेल त्याला काही धरबंद नाही.

मी 31 वर्षं लॅब टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, म्हणून तुम्हाला गोळी किती आणि किती दिवस ते मी ठरवणार नाही. पण ही बुरशी मी हजारो वेळा डोळ्यांनी पाहिलीय, त्यामुळे तपासणीचं मात्र ठामपणे सांगू शकते.

रक्त तपासून काही मिळणार नाही. गजकर्णाची बुरशी रक्तात नसतेच. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात राहते, केसात राहते, नखात राहते. तिथं केराटिन असतं, ते तिचं अन्न. मधल्या भागातली बुरशी ओसरते आणि ती कडेनं पुढे सरकते, म्हणून चट्टा गोल दिसतो आणि कड उठलेली, खवल्यांची असते. आम्ही नमुना त्या कडेवरूनच घेतो. बोथट पात्यानं खरवडायचं, रक्त न काढता, फक्त कोंडा पडेल इतकं. तो कोंडा काळ्या कागदावर झेलायचा, म्हणजे नीट दिसतो. मग काचेच्या स्लाईडवर ठेवून वर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब, 10 टक्क्यांचा, आणि त्यावर पातळ काच. चिठ्ठीवर याला केओएच म्हणतात. या थेंबानं कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात. बुरशीची भिंत कायटिनची, ती तशीच राहते. दहा-वीस मिनिटं थांबायचं. नखाचा तुकडा असेल तर जास्त कडक थेंब आणि बऱ्याचदा रात्रभर.

मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. उजेड थोडा कमी करायचा, नाहीतर सगळं पांढरंफट्ट दिसतं. आधी नुसता चुरा दिसतो. हळूहळू त्या चुऱ्यातून आरपार गेलेली एक हिरवट चमकदार रेघ सापडते, मध्ये मध्ये पेरं असलेली, उसाच्या कांड्यासारखी, पुढे जाऊन फाटा फुटलेली. ती पेशींच्या कडा जुमानत नाही, सरळ ओलांडून जाते. नवीन मुलामुलींना मी हेच शिकवायची. पेशींच्या कडेकडेनं वळत जाणारी रेघ बुरशी नसते, आणि कापसाचा तंतूही बुरशी नसतो, त्याला पेरं नसतात. आपल्या भागात कपाशीच्या दिवसांत स्लाईडवर तंतू हमखास यायचे.

प्रत्येक बुरशीचं रूप वेगळं. छाती-पाठीवर शिबं असतात ना पांढुरकी, तिथली बुरशी बघितली की शेवयांचे तुकडे आणि साबुदाणा एकत्र सांडल्यासारखं दिसतं. कँडिडा असेल तर गोल पेशी, त्यांना अंकुर फुटलेले.

आणि चट्टा दिसला म्हणजे बुरशीच, असंही नाही. जांघेत जंतूंमुळे होणारा एक तपकिरी डाग असतो, तो वूड्स लॅम्पच्या, म्हणजे अतिनील दिव्याच्या, उजेडात पोवळ्यासारखा लाल चमकतो, त्याला बुरशीचं औषध लागू पडत नाही. सोरायसिस असू शकतो. आणि डाग फिका, न खाजणारा, टोचलेलं न कळणारा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी आधी करायची. अशा डागाला गजकर्ण समजून वर्षभर मलम लावत बसलेली माणसं माझ्यासमोर आलेली आहेत. तुमची मजूर मंडळी असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

तुम्ही केळीचं पान पिवळं दिसलं की लगेच करप्याचं औषध मारता का? आधी पान उलटून ठिपके बघता, कुठं अन्नद्रव्याची कमी तर नाही ना ते पाहता. अंगाच्या बाबतीतही तेवढं बघून घ्या.

आता स्टिरॉईडचं. भुसावळच्या भाऊंनी लिहिलं ते शंभर टक्के. लाली आणि खाज म्हणजे शरीर बुरशीशी झगडतंय. स्टिरॉईड त्या झगड्यालाच गप्प करतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. बुरशीला कोणी अडवणारं राहत नाही, ती आरामात पसरते. एका गोलात दुसरा गोल आणि कातडीवरच्या रेघा ही त्याचीच खूण. त्या इंजेक्शनचंही मला तेच वाटतं, डॉक्टरांना त्याबद्दल जरूर सांगा. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज वाढेल, लाली भडकेल. तेव्हा घाबरून परत ती ट्यूब उचलू नका, खाजेची साधी गोळी डॉक्टर देतात.

काळ्या बुरशीचं भय मनातून काढा. ती म्युकर, वेगळीच जात. ती रक्तवाहिन्यांत शिरून मांस मारते, आणि बहुतेक करून शुगर फार वाढलेल्या किंवा स्टिरॉईड जास्त झालेल्या माणसाला गाठते. 2021 मध्ये आपण ते पाहिलं. नाक बंद, गाल दुखणं, चेहऱ्याची एक बाजू सुजणं, नाकात किंवा टाळूवर काळी खपली. तिथं मलम-गोळी नाही, तातडीनं ऑपरेशन आणि ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं. गजकर्णाचं कधी म्युकर होत नाही. पण तुमच्या आईंची शुगर ताब्यात हवी, त्याचं कारण हेही आहे. त्यांच्या चिखल्या दाखवा. बेचक्यातली भेग म्हणजे जंतूंना आत शिरायला उघडी वाट, आणि शुगरवाल्यांचा पाय त्यावरून बिघडतो.

जळगावला, धुळ्याला, नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. त्वचा विभागात सकाळी जा. घरातले चौघं एकाच दिवशी जा. आणि निदान आठवडाभर आधीपासून चट्ट्याला काहीही लावू नका, नाहीतर बुरशी असूनही स्लाईडवर सापडत नाही.

शहाद्याचे_गुरुजी

ताईंनी छान समजावलं. पण बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्यांनी लिव्हर जातं असं ऐकलंय. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ केली तर हळूहळू बरं होणार नाही का? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या तेच करतात.

स्लाईडवाली_ताई_धुळे

गुरुजी, नमस्कार. कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ करायला कोणाची ना नाही, अंग स्वच्छ राहतं. पण आठ महिने स्टिरॉईडवर पोसलेली, चौघांच्या घरात तिघांना झालेली बुरशी त्यानं हटणार नाही. लिव्हरची काळजी रास्त आहे, म्हणूनच डॉक्टर आधी लिव्हरची रक्त तपासणी करून घेतात आणि औषध लांबलं तर मध्ये परत करतात. स्वतःच्या मनानं घेतली तर धोका, देखरेखीखाली बहुतेकांना सहन होते.

पूर्वी साध्या मलमानं तीन-चार आठवड्यांत गजकर्ण जायचं, हे मी माझ्या नोकरीच्या सुरुवातीला पाहिलंय. आता तसं राहिलं नाही. आपल्या देशात जी जात पसरलीय तिला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. नावातच इंडिया आहे. तिच्यातल्या बऱ्याच बुरशींवर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध चालत नाही. एकच बुरशीनाशक वर्षानुवर्षं मारलं की करपा त्याला दाद देत नाही, म्हणून केळीवाले औषध बदलून मारतात. हे तसंच.

केळीबाग_यावल

ताई, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ट्यूब काल बंद केली. आज खाज खरोखर वाढलीय पण धीर धरतो. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. इट्राकोनॅझोल इथल्या मेडिकलला मिळतं, ते आत्ताच सुरू करू का? आणि मुलीला माझ्यामुळेच झालं असेल ना?

स्लाईडवाली_ताई_धुळे

सुरू करू नका, आठवडाभर कळ काढा. आधी नमुना, मग गोळी.

डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल दिलं, बहुधा रोज 100 किंवा 200 मिलिग्रॅम असतं, तर ते पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायचं. ती कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. म्हणून ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर औषध अंगात उतरतच नाही आणि माणूस म्हणतो गुण आला नाही. हृदय कमकुवत असलेल्यांना आणि गरोदर बाईला ते देत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. आईंना कधी द्यायची वेळ आली तर त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.

मलम लावताना फक्त लाल दिसतं तेवढ्यावर लावू नका. कडेच्या बाहेर बोटभर जागेवरही लावायचं, बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि चट्टा गेला की बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस, निदान दोन आठवडे, पुढे चालू ठेवायचं. सगळे इथंच फसतात.

मुलीचं म्हणाल तर घरातल्या टॉवेलवरून, अंथरुणावरून येतं. पण गोठ्यात वासरू आहे का? वासराच्या डोळ्याभोवती, मानेवर राखाडी खपल्यांचे गोल असतील तर तिथूनही मुलांना येतं, मुलं वासराच्या गळ्यात पडतात. तिच्या डोक्यात केस गेलेला ठिपका आहे का तेही बघा. केसात बुरशी गेली तर मलम पोचत नाही, तोंडानं औषध द्यावं लागतं, ते वजनावर ठरतं. गालावर स्टिरॉईडचं काहीही लावू नका, मी हात जोडून सांगते.

टॉवेल चौघांचे चार. आतले कपडे रोजचे रोज गरम पाण्यात धुवा आणि उलटे करून उन्हात वाळवा. फाल्गुन लागलाय, खान्देशातलं ऊन फुकट आहे, वापरा. ओलसर कपडा अंगावर चढवायचा नाही. चिकाची पँट बागेतून आल्या आल्या उतरवा. आणि भाऊ, तो करदोडा. घाम धरून ठेवणारा दोरा चोवीस तास कमरेला, त्याच्याखाली बुरशी कायम ओली राहते. उतरवावा लागेल.

अजून एक सांगते, विचारलं नाही तरी. आत्ता सगळीकडे दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी चालू आहे. माझे वडील अमळनेर तालुक्यात शेती करायचे. 2003 चा फाल्गुन. दादर कापताना पात डोळ्याला चाटून गेलं. घरी आले आणि आईला म्हणाले, "डोयामा काहीतरी गयं वं." कुणीतरी थेंब दिले, डोळा लाल होता तो त्या थेंबांनी निवळला, सगळ्यांना बरं वाटलं. ते स्टिरॉईडचे थेंब होते. मी धुळ्यात, मला कोणी कळवलंच नाही. पंधरा दिवसांनी आणलं तेव्हा बुबुळावर पिसासारख्या कडांचा पांढरा ठिपका पडला होता. डोळ्याच्या डॉक्टरांनी भूल देणारे थेंब टाकून तो खरवडला. ती स्लाईड माझ्याच टेबलावर आली. मीच लावली, मीच पाहिली. पेरं असलेले फाटे, पूर्ण पटलभर. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, फ्युजेरियम निघालं. केळीला पनामा मर होतो त्याच कुळातली बुरशी. पुढे नॅटामायसिन या बुरशीच्या औषधाचे थेंब, दिवसा दर तासाला, रात्रीही उठून, दोन महिने. डोळा काढावा लागला नाही, पण बुबुळावर पांढरा वण राहिला. त्या डोळ्यानं त्यांना पुढे फक्त उजेड-अंधार कळायचा.

म्हणून तुमच्या मजुरांना सांगा. डोळ्याला पात, काडी, कुसळ, कपाशीचं बोंड, काहीही लागलं आणि दुसऱ्या दिवशी लाली, पाणी, उजेड सहन होईना असं असलं, तर घरातले जुने थेंब टाकायचे नाहीत. थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे, आणि बुबुळ खरवडून तपासता येईल का ते विचारायचं. तीच तपासणी, तोच थेंब, पाच-दहा मिनिटांचं काम.

केळीबाग_यावल

दोन महिन्यांनी लिहितोय, माफ करा. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, जळगावचं ऊन अंगावर घेत फेऱ्या चालू आहेत.

आम्ही चौघं त्वचा विभागात गेलो होतो. माझा आणि बायकोचा नमुना कडेवरून घेतला, दोघांचाही केओएच पॉझिटिव्ह. मी लॅबमधल्या मुलीला म्हटलं, मला एकदा बघू द्याल का. तिनं उजेड कमी केला आणि बाजूला झाली. ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच. कांड्याकांड्यांची रेघ, पुढे दोन फाटे. आठ महिने जिनं झोपू दिलं नाही ती ही, असं वाटून मी बराच वेळ बघत राहिलो. माझा नमुना कल्चरलाही ठेवला होता, त्याला चार आठवडे लागले.

मुलीचा चट्टा नुसत्या मलमानं महिन्यात गेला. डोक्यात काही नव्हतं. वासरू आहे आमच्याकडे, त्याच्या कानामागे खपल्या निघाल्या, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून औषध लावतोय. आईच्या चिखल्यांत कँडिडा निघाला. शुगर उपाशीपोटी 240 होती, ती आता उतरतेय. आई पाय धुतल्यावर बेचकी कोरडी करायला शिकलीय, जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा खास त्यासाठी ठेवलाय.

माझी गोळी अजून चालू आहे. लिव्हरची तपासणी दोनदा केली, ठीक आली. जांघ साफ झाली, काळसर डाग उरलेत. रेघा मात्र जाणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. कमरेवर डावीकडे चार बोटं कड अजून शिल्लक आहे, तिथं मलम लावतोय.

करदोड्यावरून घरात वाद झाला. आई म्हणाली, जित्या माणसाच्या कमरेचा दोरा काढत नाहीत. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मी उघडा बसून मलम लावत होतो, तिनं कमरेवरचा तो लाल पट्टा जवळून पाहिला. आत गेली, कात्री घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं कापला. धुऊन, उन्हात वाळवून देव्हाऱ्यात ठेवलाय.

स्लाईडवाली_ताई_धुळे

आईंना माझा नमस्कार सांगा. ती चार बोटं कड पूर्ण जाईपर्यंत गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आणि बंद करायच्या आधी त्याच कडेचा परत एकदा केओएच करून घ्या.